माणूस एक, 'सर्व्ह्ड' तीन

परवा आमच्या मराठी ग्रुपवर एक पिटिशन फिरत आलं. तुरुंगातून सुटलेल्या लोकांसाठी काउंटी एक जुनं मोटेल भाड्याने घेऊन राहायची सोय करणार आहे, ते मोटेल शाळेपासून पाऊण मैलावर, तरी याच्या विरोधात सगळ्यांनी सही करा आणि पुढे पाठवा. दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. मी सही केली नाही, मग तीन जणांचे फोन आले, "अरे तू कसा नाही केलीस?" त्यातल्या एकाशी पाऊण तास बोललो तरी त्याला पटलं नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी काही फार मोठ्या मनाचा वगैरे माणूस नाही. माझी मुलगी त्याच शाळेत जाते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर रात्रीत कोणीतरी कापून नेला तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पेशाने मी सीए. सांगलीत आर्टिकलशिप करताना आमच्या सरांनी एकच गोष्ट डोक्यात घातली होती, आधी वाउचर बघायचं आणि मग वाउचरमागचा माल बघायचा, दोनशे पोती सिमेंटचं बिल असेल तर उन्हात गोडाऊनला जाऊन पोती मोजायची. ती खोड काही जात नाही. त्यामुळे पिटिशन आल्यावर मी पहिलं काम केलं ते काउंटीच्या मीटिंगची कागदपत्रं उघडली.

(आमची काउंटी कुठली ते मुद्दाम लिहीत नाहीये. ओळखणारे ओळखतील.)

भारतातल्या मित्रांसाठी थोडं मागचं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, कॅलिफोर्नियात असे 58 आहेत, आणि तो चालवतात पाच निवडून आलेले सुपरवायझर. सुपरवायझर म्हटलं की आपल्याला कारखान्यातला शिट्टीवाला आठवतो, पण इथे एलए काउंटीतला एकेक सुपरवायझर साधारण वीस लाख लोकांचा प्रतिनिधी असतो. प्रिझन राज्याचं, जेल काउंटीचं. आणि पॅरोल हा शब्द ऐकून फसू नका, आपल्याकडे पॅरोल म्हणजे आई आजारी आहे म्हणून मिळालेली रजा, इथे पॅरोल म्हणजे शिक्षा भोगून बाहेर आल्यावरची देखरेख.

तर झालं असं की इथली प्रिझन्स इतकी भरली की साधारण 80 हजारांसाठी बांधलेल्या जागेत त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं. जिममध्ये तीन मजली बंक टाकून झोपवायचे. मे 2011 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने, तेही 5 विरुद्ध 4 अशा काठावरच्या मताने, राज्याला सांगितलं की क्षमतेच्या 137.5 टक्क्यांवर आणा. त्याच वर्षी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एबी 109 नावाचा कायदा केला आणि तो 1 ऑक्टोबर 2011 पासून लागू झाला. त्यात ज्यांचा गुन्हा हिंसक नाही, गंभीर गणला जात नाही आणि लैंगिक नाही, अशांची सुटकेनंतरची देखरेख राज्याच्या पॅरोल खात्याकडून काढून काउंटीच्या प्रोबेशन खात्याकडे दिली. इथले लोक त्यांना 'नॉन-नॉन-नॉन' म्हणतात. सोबत पैसेही दिले, आणि 2012 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 30 नावाचा प्रस्ताव पास करून तो पैसा घटनेतच पक्का केला. राज्यभर मिळून वर्षाला अब्ज डॉलरच्या वर जातात.

म्हणजे पैसा नाही हे रडगाणं इथे चालत नाही.

आता मी एका संस्थेत महिन्यातून दोन शनिवार जातो. सुटलेल्या लोकांना फॉर्म भरून द्यायचे, ईमेल उघडून द्यायचा, असली किरकोळ कामं. तिथे गेल्या वर्षी एक गृहस्थ आला, वय पन्नाशीच्या पुढे, गाडीचोरीत चार वर्षं काढून आलेला. हो, गाडीचोरी, माझा कन्व्हर्टर मलाही आठवला. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद, आणि प्रिझनमधून निघताना मिळालेलं 200 डॉलरचं डेबिट कार्ड. हा 200 चा आकडा 1973 पासूनचा आहे बरं का! 2022 मध्ये तो 1,300 करायचं विधेयक पास झालं होतं, गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं. त्या 200 मधून अंगावरचे कपडे आणि बसचं तिकीट वजा होऊ शकतं, त्यामुळे याच्याकडे किती उरले होते ते तुम्हीच समजा.

त्याच्या हातात एक कागद होता, चार घड्या घालून मऊ झालेला. प्रोबेशन ऑफिसरकडे दोन कामाच्या दिवसांत हजर व्हायचं. मेडिकॅलचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, ऑफिस वेगळ्या गावात. आयडीसाठी डीएमव्ही, म्हणजे आपलं आरटीओ, तिसरीकडे, आणि डीएमव्हीला पत्ता लागतो. शेल्टरमध्ये चारच्या आत पोचलं तर पलंग, नाहीतर गेला. मी फोनवर बसचे रूट लावून बघितले, चार्टर्ड अकाउंटंट माणूस, एक्सेल उघडून बसलो, तरी एका दिवसात ते बसेना. त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "सर, आत असताना निदान वेळापत्रक जमायचं."

त्या रात्री शेल्टरची वेळ चुकली आणि तो रात्रभर बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. हे त्यानेच पुढच्या शनिवारी सांगितलं.

आता माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या गोष्टीने. काही महिन्यांनी तिमाही रिपोर्ट बनत होता. आमच्या संस्थेने त्याला धरला, 'सर्व्ह्ड' म्हणजे मदत दिलेल्यांच्या रकान्यात एक. नोकरी-ट्रेनिंगवाल्या दुसऱ्या संस्थेने त्याचं नाव नोंदवलं होतं, त्यांच्याकडे एक. घराची यादी ठेवणाऱ्या तिसऱ्या संस्थेने त्याला वेटिंग लिस्टला टाकलं होतं, त्यांच्याकडेही एक. तिघांचे रिपोर्ट काउंटीकडे गेले, तिथे कोणीतरी बेरीज मारली. माणूस एक, सर्व्ह्ड तीन, आणि झोपला बसमध्ये! यात कोणी खोटं बोललं का? कोणीच नाही. प्रत्येकाने विचारलेल्या रकान्यात खरा आकडा भरला. फक्त पोती मोजायला गोडाऊनला कोणी गेलं नाही.

मी हे रिपोर्ट बनवणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, रकानाच तेवढा आहे. 'तीस दिवसांनी कुठे झोपतोय' असा रकानाच नाही.

मग मी शोधत गेलो की हे बघतं कोण. तर प्रत्येक काउंटीत एक कम्युनिटी करेक्शन्स पार्टनरशिप नावाची समिती असते, तीच या पैशाचा आराखडा बनवते. तिची जी मत देणारी कार्यकारी समिती, त्यात सात जण. अध्यक्ष कोण तर प्रोबेशन खात्याचा प्रमुख. मग जेल चालवणारा शेरीफ, एक पोलीस प्रमुख, डिस्ट्रिक्ट अटर्नी म्हणजे सरकारी वकील, पब्लिक डिफेंडर म्हणजे गरीब आरोपींना सरकारने दिलेला वकील, कोर्टाकडून एक, आणि आरोग्य किंवा समाजकल्याण खात्यातला एक. पैसा जातो मुख्यतः कोणाला? प्रोबेशनला, शेरीफला आणि बाकीच्यांना. म्हणजे पेपर सोडवणारेच पेपर काढणार आणि तपासणारही तेच. मोठ्या समितीत समाजातले लोक असतात, पण मत देताना हे सातच. आणि गंमत पुढेच आहे, हा आराखडा सुपरवायझरांकडे गेला की तो मंजूरच धरला जातो, नामंजूर करायला चार-पंचमांश मतं लागतात, म्हणजे पाचापैकी चौघांनी हात वर करून नको म्हटलं तरच. मी हे दोनदा वाचलं. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या बिलासाठी यापेक्षा जास्त भांडण व्हायचं.

हे माझ्या एकट्याचं रडणं नाहीये. राज्याच्या ऑडिटरने मार्च 2021 मध्ये अलमेडा, फ्रेस्नो आणि लॉस एंजेलिस या तीन काउंट्या तपासल्या आणि रिपोर्टच्या शीर्षकातच लिहिलं की राज्य आणि काउंटी दोघांची देखरेख इतकी ढिली आहे की पैसा परिणामकारक खर्च होतोय याची खात्री देता येत नाही. सरकारी ऑडिटर शीर्षकात असं लिहितो तेव्हा आत काय असेल ते आमच्या धंद्यातल्या माणसाला कळतं. काउंट्यांकडे न वापरलेला पैसा साचत होता, आणि या समित्या एकूण निधीच्या एका भागाकडेच बघत होत्या. एक माणूस बसमध्ये झोपतोय आणि खात्यात शिल्लक वाढतेय, हे दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, कारण दोन्ही एकाच कागदावर कधी येतच नाहीत.

डब्लिनला (आयर्लंडचं नव्हे, इथलं कॅलिफोर्नियातलं) आपले निम्मे लोक राहतात, तिकडे गणपतीला गेलं की पार्किंग मिळत नाही. तिथेच सांता रिटा जेल आहे, अलमेडा काउंटीचं. 2018 च्या जुलैमध्ये तिथून 26 वर्षांच्या एका मुलीला रात्री दीडच्या सुमारास सोडलं. त्या वेळी बार्ट, म्हणजे इथली लोकल ट्रेन, बंद असते, पहिली ट्रेन पहाटे. ती स्टेशनकडे पायी निघाली आणि सकाळी स्टेशनपाशी मेलेली सापडली. लोक रस्त्यावर आले, रात्री-अपरात्री असं कोणाला सोडू नये म्हणून विधेयक आलं, सभागृहात पास झालं, आणि 2019 मध्ये त्याच्यावरही व्हेटो. सुटकेच्या कागदावर मात्र सगळं बरोबरच असणार. तारीख बरोबर, सही बरोबर.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर ऑडिटवाल्यांना फक्त खोड्याच काढता येतात असं म्हणाल. देखरेख वाढवा म्हटलं की सरकारी माणूस सगळ्यात आधी फॉर्म वाढवतो. आमची संस्था चिमुकली, चार पगारी माणसं, त्यातली दोघं स्वतः आत जाऊन आलेली आणि सुटलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते फक्त त्यांनाच कळतं. पैसे आधी खर्च करायचे, मग बिल लावायचं, मग वाट बघायची. एकदा बसच्या पासांच्या पावत्या एका विशिष्ट नमुन्यात नाहीत म्हणून आमचं बिल परत आलं आणि पगार दोन आठवडे लांबले. असल्या तपासणीने चोर सापडत नाही, फक्त छोटी संस्था मरते आणि ज्याच्याकडे स्वतःचं अकाउंट्स डिपार्टमेंट आहे ती मोठी संस्था कंत्राट घेऊन जाते. त्यामुळे मला जास्त कागद नकोयत. उलट अर्धे फाडा. फक्त तीन प्रश्न ठेवा: तीस दिवसांनी कुठे झोपतोय, नव्वद दिवसांनी काही कमावतोय का, आणि औषध चालू आहे का. आणि ही उत्तरं माणसागणिक ठेवा, म्हणजे एक माणूस तीनदा मोजला जाणार नाही. विचारणारा मात्र ज्याला त्या निधीतला एक डॉलरही मिळत नाही असा हवा.

आणि चांगली उदाहरणं आहेत की. सांता क्लारा काउंटीने 2012 मध्येच सॅन होजेत मेन जेलच्या अगदी जवळ एक सेंटर काढलं, एकाच छताखाली बरीच खाती, माणसाने गावभर फिरायचं त्याऐवजी टेबलं एकत्र. अलमेडाने 2015 मध्ये ठरवलं की या निधीतला अर्धा हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचा. आणि 2023 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला, देशात पहिल्यांदा, सुटकेआधीचे 90 दिवस मेडिकॅलमधून उपचार द्यायची केंद्राची परवानगी मिळाली, म्हणजे माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात गोळ्या असाव्यात. या सगळ्यांना मी मनापासून नमस्कार करतो. पण नमस्कार करून झाल्यावर विचारणारच, पोती दाखवा.

परत पिटिशनकडे. माझा मित्र म्हणाला, "तुझं सगळं खरं, पण शाळेजवळ कशाला?" अरे बाबा, ती माणसं तशीही याच काउंटीत येणार आहेत. कायदाच असा आहे की बहुतेकांना शेवटच्या पत्त्याच्या काउंटीत परत पाठवतात. प्रश्न एवढाच की त्यांचा रात्री दहाला पत्ता ठाऊक असणारं कोणी आहे का. मोटेल असेल तर आहे. नसेल तर तो तुझ्या घरासमोरच्या बसमध्ये आहे आणि तुला माहीतही नाहीये. यातलं काय जास्त धोक्याचं ते तूच ठरव. माझं आजोळ आटपाडीकडचं. तिथे औंध संस्थानच्या काळापासून, 1939 पासून, स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, शिक्षा झालेली माणसं भिंतीशिवाय बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. आजी त्यांच्याकडची भाजी घ्यायची. भाव पाडून घ्यायची, घाबरत वगैरे अजिबात नव्हती.

आणि एक, बऱ्याच जणांना माहीत नसतं. काउंटीच्या या मीटिंगा सगळ्यांना उघड्या असतात. ब्राउन अॅक्ट म्हणून 1953 चा कायदा आहे, नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो आणि कोणीही उठून बोलू शकतं, नाव सांगायची सक्ती नाही, नागरिकत्व कोणी विचारत नाही. एचवन व्हिसावाले, मत नाही म्हणून गप्प बसता ना, मग बोला तरी. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा पब्लिक कमेंटला तिघं होतो. मी, एक निवृत्त शिक्षिका, आणि तो गाडीचोरीवाला. त्याला आता एका गोडाऊनमध्ये रात्रपाळी लागलीये, झोप न घेता सरळ तिकडून आला होता. दोन मिनिटं मिळतात, त्याने दीड मिनिट बसचे रूट नंबर सांगितले. नुसते नंबर, क्रमाने. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या असं मला तरी दिसलं.

पुढची मीटिंग येत्या गुरुवारी दुपारी दीडला आहे, झूमवरही असते. मोटेलचा विषय नऊ नंबरला आहे. मीटिंगच्या कागदांचं पॅकेट 212 पानांचं आहे, मी 90 पर्यंत आलोय, पुढचं कोणी वाटून घेणार असेल तर इनबॉक्स करा.