35 वर्षांचा अध्यक्ष आणि 1967 साल

खान्देशातल्या शिक्षकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि संस्थांच्या सभासदांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो चौघांकडून आला. जळगावहून दोनदा, शिरपूरहून एकदा आणि चौथ्यांदा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून, वर "सर, वाचाच" असं लिहून. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतलं नोत्र दाम हे खासगी कॅथलिक विद्यापीठ 1952 साली फक्त फुटबॉलसाठी ओळखलं जायचं. फादर थिओडोर हेसबर्ग या एका माणसाने 35 वर्षं एकहाती कारभार करून ते मोठं केलं. त्यांना निवडणूक लढवावी लागली नाही, समित्यांना विचारावं लागलं नाही. पैसा चर्चने पुरवला. दंगा करणाऱ्या पोरांना त्यांनी 15 मिनिटांत बाहेर काढलं. आणि शेवटी सल्ला असा की आपल्या शिक्षणसंस्थांचीही घटना बदला, दर पाच वर्षांची निवडणूक बंद करा, कर्तबगार माणसाला आजीव अध्यक्ष करा.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात 31 वर्षं इतिहास शिकवला. हेसबर्ग यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांचं नाव घेऊन नेमकी उलटी गोष्ट आपल्या लोकांच्या गळी उतरवली जातेय, म्हणून लिहायला बसलो.

'एकहाती' या शब्दापासून सुरुवात करतो. नोत्र दाम 1842 मध्ये होली क्रॉस या कॅथलिक व्रतस्थांच्या संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी इंडियाना राज्यात काढलं. एप्रिल 1879 मध्ये तिथली मुख्य इमारत जळून गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नव्या इमारतीत वर्ग भरले. म्हणजे हेसबर्ग खुर्चीवर बसले तेव्हा त्या जागेवर 110 वर्षं माणसं खपलेली होती. त्यांच्या आधीचे अध्यक्ष फादर जॉन कॅव्हनॉ यांनी निधी गोळा करण्याची घडी बसवली होती आणि हेसबर्गना आधी उपाध्यक्ष करून हाताखाली तयार केलं होतं.

कॅव्हनॉ यांनी 1946 ते 1952 अशी सहाच वर्षं काम केलं, आणि याचं कारण महत्त्वाचं आहे. नोत्र दामचा अध्यक्ष हाच तिथल्या व्रतस्थ फादर-ब्रदरांचा प्रमुखही असायचा आणि चर्चच्या कायद्यानुसार अशा प्रमुखाला सलग सहा वर्षांहून जास्त त्या पदावर राहता येत नसे. 1958 मध्ये हेसबर्ग यांची सहा वर्षं भरली, तेव्हा ही दोन पदं वेगळी करण्यात आली. विद्यापीठाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिलं, संघाच्या प्रमुखाचं पद दुसऱ्याकडे गेलं. अधिकार वाटले गेले म्हणून त्यांना पुढची 29 वर्षं मिळाली. मेसेज लिहिणाऱ्याने 35 हा आकडा घेतला आणि तो कशामुळे शक्य झाला ते सोडून दिलं.

आणि त्या 35 वर्षांत ते एकटे नव्हतेच. फादर एडमंड जॉइस हे कार्यकारी उपाध्यक्ष 1952 ते 1987 अशी तीच 35 वर्षं त्यांच्या बरोबरीने होते. हिशेब, बांधकामं, खेळ हा सगळा भार जॉइस यांच्यावर. म्हणूनच हेसबर्ग देशाच्या नागरी हक्क आयोगावर 1957 ते 1972 अशी पंधरा वर्षं काम करू शकले. अध्यक्ष बाहेर असताना विद्यापीठाचं काम अडत नव्हतं. आमच्या कॉलेजात ग्रंथालयाची खरेदी दोन वर्षं अडून राहिली होती, कारण संस्थेचे अध्यक्ष आजारी होते आणि चेकवर सही करायचा अधिकार दुसऱ्या कुणालाच नव्हता. त्या दोन वर्षांतली मुलं संदर्भग्रंथांशिवाय एम.ए. झाली. एकखांबी तंबू म्हणजे काय ते मी असं पाहिलं आहे.

आता 1967. मेसेजमध्ये या सालाचा उल्लेखच नाही, आणि सगळी गोष्ट तर इथेच आहे.

तोवर नोत्र दामची मालकी होली क्रॉस संघाकडे होती. 1967 मध्ये, हेसबर्ग यांच्याच पुढाकाराने, संघाने ती सोडली. कारभार दोन पातळ्यांवरच्या मंडळांकडे गेला. वर बारा 'फेलो', त्यातले सहा होली क्रॉसचे फादर आणि सहा प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेले, घरसंसारातले लोक. त्याखाली विश्वस्त मंडळ, आणि त्यात बहुमत प्रापंचिकांचं. या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले एडमंड स्टीफन, शिकागोचे एक वकील. त्याच साली सेंट लुईस विद्यापीठातही फादर पॉल रायनर्ट यांच्या काळात प्रापंचिकांचं बहुमत असलेलं मंडळ आलं. जुलै 1967 मध्ये लँड ओ'लेक्स या ठिकाणी कॅथलिक शिक्षणक्षेत्रातली मंडळी हेसबर्ग यांच्या निमंत्रणावरून जमली आणि त्यांनी एक निवेदन काढलं. विद्यापीठ खऱ्या अर्थाने विद्यापीठ व्हायचं तर त्याला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, मग ती चर्चची का असेना, स्वायत्तता हवी, असा त्याचा गाभा.

खुर्चीवर बसून पंधरा वर्षं झालेला, देशभर नाव झालेला माणूस स्वतःला जाब विचारू शकेल असं मंडळ स्वतःहून आणतो. आपल्याला नोत्र दामकडून काही घ्यायचंच असेल तर ते हे आहे. एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर मीही अर्धंच सांगितल्यासारखं होईल: अध्यक्ष होली क्रॉस संघाचाच फादर असावा ही अट तिथे आजही आहे. पण त्या फादरला निवडणारं आणि प्रश्न विचारणारं मंडळ संघाचं खासगी राहिलेलं नाही.

मेसेजखाली काहींनी लिहिलंय की कॅथलिक संस्थांमध्ये फादरशिवाय कुणी वर जातच नाही. 1789 मध्ये सुरू झालेल्या जॉर्जटाउन विद्यापीठात 2001 साली जॉन डिजॉया हे प्रापंचिक गृहस्थ अध्यक्ष झाले. मुंबईचं सेंट झेवियर्स 1869 चं. तिथे 2018 मध्ये वनस्पतिशास्त्राचे राजेंद्र शिंदे प्राचार्य झाले, ते तर ख्रिस्तीही नाहीत.

चर्चने पैसा पुरवला, हे बरंचसं चूक. संघाने दिली ती माणसं. शिकवणारे फादर नेहमीचा पगार घेत नसत, आणि ही मोठीच मदत होती. रोकड मात्र फीमधून, माजी विद्यार्थ्यांकडून, संशोधन अनुदानातून आणि प्रतिष्ठानांकडून आली. 1960 मध्ये फोर्ड फाउंडेशनने 60 लाख डॉलर देऊ केले ते अटीवर: प्रत्येक डॉलरमागे विद्यापीठाने स्वतः दोन डॉलर उभे करायचे. ते उभे केले गेले. त्या काळात उभं राहिलेलं मोठं काम म्हणजे 1963 मध्ये उघडलेलं चौदा मजली ग्रंथालय. आधी पुस्तकांचं घर बांधलं, हे आपल्याकडच्या बांधकामप्रेमी मंडळींनी लक्षात घ्यावं. आणि चर्च पाठीशी असलं की संस्था बुडत नाही, हेही खरं नाही. ऑल्बनीचं सेंट रोझ कॉलेज आणि पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी विद्यापीठ, दोन्ही कॅथलिक, 2024 मध्ये बंद झाली.

वाढीचे आकडे मेसेजमध्ये बरोबर आहेत, पण अर्धेच. वार्षिक खर्च 97 लाख डॉलरवरून 17 कोटी 66 लाखांवर गेला, म्हणजे अठरापट. त्या 35 वर्षांत अमेरिकेत किमतीच चारपटीहून जास्त वाढल्या, तेव्हा खरी वाढ साधारण चारपट धरावी. तीही मोठीच आहे. मेसेजने गाळलेला आकडा शिक्षकांचा आहे. विद्यार्थी 4,979 वरून 9,600 झाले, म्हणजे दुप्पटही नाहीत. शिक्षक 389 वरून 950 झाले, जवळजवळ अडीचपट. आधी तेरा मुलांमागे एक शिक्षक होता, नंतर दहा मुलांमागे एक. वाढीचा हा अर्थ मला आपल्या लोकांना हात जोडून सांगावासा वाटतो. आपल्याकडे वाढ म्हणजे नवी तुकडी, नवा विनाअनुदानित कोर्स, महामार्गालगत नवी इमारत. आणि वर्गात शिकवायला तासिका तत्त्वावरची मुलं-मुली, नेट-सेट होऊन, पीएच.डी. करून, तासाच्या हिशेबाने राबणारी, उन्हाळ्यात एक रुपया न मिळणारी. माझे कितीतरी विद्यार्थी चाळिशीला आले तरी त्यातच आहेत. विद्यार्थी वाढले आणि पूर्णवेळ शिक्षक घटले, तर त्याला नोत्र दामचं उदाहरण लागू पडत नाही.

मुलींचंही बघा. 1971 मध्ये शेजारच्या सेंट मेरीज या मुलींच्या कॉलेजशी एकत्र येण्याची बोलणी फिसकटली. मग 1972 पासून नोत्र दामने मुलींना पदवीवर्गात थेट प्रवेश दिला. मालकी एकाच संघाची असताना 125 वर्षं जे झालं नाही, ते नव्या मंडळाच्या काळात पाच वर्षांत झालं.

राहिली 15 मिनिटांची गोष्ट. फेब्रुवारी 1969 मध्ये हेसबर्ग यांनी तसं पत्र काढलं होतं, हे खरं. विचाराऐवजी बळ वापरून दुसऱ्यांची वाट अडवणाऱ्याला 15 मिनिटं विचार करायला द्यायची, मग कारवाई. शांततेने निषेध करायला त्यात बंदी नव्हती. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांचं कौतुक केलं. पण त्या आधारावर विद्यापीठांसाठी सरकारी कायदा करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा विरोध करणारं पत्र हेसबर्ग यांनीच उपराष्ट्राध्यक्षांना पाठवलं. आमच्या घरातली शिस्त आम्ही बघू, सरकार त्यात नको, अशी त्यांची भूमिका. मे 1970 मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उठलेल्या आपल्याच विद्यार्थ्यांसमोर उभं राहून त्यांनी त्या युद्धाविरुद्ध भाषण केलं. त्यांना पोरांना हाकलणारा माणूस ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

1987 मध्ये, सत्तरीला, त्यांनी पद सोडलं. फादर एडवर्ड मॅलॉय अध्यक्ष झाले. हेसबर्ग आणि जॉइस दोघंही जवळजवळ वर्षभर प्रवासाला निघून गेले, नव्या माणसाला मोकळेपणी काम करता यावं म्हणून.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. अमळनेरला 1916 मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीच्या संस्थेला पैसा दिला. तत्त्वज्ञान कुणी शिकवायचं हे मात्र तत्त्वज्ञांवर सोडलं, म्हणून 1933 ते 1935 या काळात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा मोठा विचारवंत बंगालातून येऊन तिथला संचालक झाला. आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरूलाही 2016 च्या कायद्याने पाचच वर्षं दिली आहेत, आणि पुन्हा नेमणूक नाही. मग संस्थेच्या अध्यक्षाला आजन्म कशासाठी?

मी ज्या संस्थेचा सभासद आहे तिच्या सर्वसाधारण सभेची नोटीस आली आहे. विषय क्रमांक सात: घटनादुरुस्ती. मी लेखी उपसूचना देणार आहे. अध्यक्षाला सलग दोनच मुदती. चेकवर सह्यांचा अधिकार तिघांना, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सह्या चालतील. कार्यकारिणीत किमान तीन जागा अशा लोकांना, ज्यांचं पदाधिकाऱ्यांशी नातं नाही आणि ज्यांचा संस्थेशी कसलाही व्यवहार नाही. अनुमोदनासाठी एक सही लागते. ज्याने मला "सर, वाचाच" लिहून पाठवलं, त्या विद्यार्थ्याला मी काल फोन केला. तो सही करायला तयार आहे.