तिसऱ्या कप्प्यातले काका

परवा सकाळी सहा चाळीसला माझ्या जाळ्यात एक काका सापडले.

त्याआधीचं पटकन उरकते. मी हंगामी कामावर आहे, पक्ष्यांना वाळी घालण्याच्या. साडेचारला उठायचं, डोक्याला बॅटरी बांधून झाडीत शिरायचं आणि उजाडायच्या आत मिस्ट नेट उघडायच्या. १२ मीटर लांब, अडीच मीटर उंच जाळं, दोरा इतका बारीक आणि काळा की झाडीसमोर दिसतच नाही. पक्षी थडकतो आणि खालच्या सैल झोळीत, म्हणजे कप्प्यात, पडतो. दर २० मिनिटांनी फेरी मारून त्याला सोडवायचं, कापडी पिशवीतून आणायचं, मोजायचं, पायात आकडा कोरलेलं वाळं चढवायचं आणि सोडून द्यायचं. १८९९ साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने स्टार्लिंगांना ॲल्युमिनियमची वाळी घालून हा उद्योग रीतसर सुरू केला. शिक्षकच तो, हजेरी घेतल्याशिवाय करमत नसणार.

तर काका. फोन स्पीकरवर, नजर फोनमध्ये, पायवाट सोडून थेट तिसऱ्या कप्प्यात. मी पोचले तेव्हा त्यांचा चष्मा, घड्याळाचा पट्टा आणि शर्टाची वरची दोन बटणं जाळ्याने ताब्यात घेतली होती.

"काका, हलू नका."

हे ऐकताच त्यांनी दोन्ही हात पंख्यासारखे फिरवले. बुलबुलही हेच करतो.

फोनमधून बाईंचा आवाज आला, "अहो, काय झालं?"

"जाळ्यात अडकलोय!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कुणाच्या?"

पक्षी सोडवायचा म्हणजे तो कुठल्या बाजूने आत आला ते आधी ओळखायचं, मग पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. काकांचे पाय मोकळेच होते, तीच पंचाईत. ते जाळ्यासकट घरी निघाले होते. पक्ष्याच्या पोटावरची पिसं फुंकून आतली चरबी बघतात, परतीच्या प्रवासाची शिदोरी किती झालीय ते कळतं. इथे फुंकायची गरज नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या कप्प्यात काहीतरी फडफडलं. पर्णवटवट्या. आठ-नऊ ग्रॅमचा जीव, हजारो किलोमीटर उडून आलेला.

"एक मिनिट हं काका, आधी हा."

"आधी हा? मी इथे उभा आहे!"

"तुम्ही उभे आहात, तो उलटा लटकलाय."

माझं हेच वाक्य पुढे लेखी तक्रारीत गेलं. "माणसापेक्षा पाखराला प्राधान्य." यात चूक काय, ते मला अजून कळलेलं नाही.

वटवट्या पिशवीत गेला आणि मी बटणाकडे वळले. बोटावर ताजी जखम, कारण आदल्या फेरीत खाटीक पक्षी मिळाला होता. त्याला ते नाव उगाच पडलेलं नाही. प्लास्टर माझ्या पैशाचं.

"कात्रीने काप ना सरळ."

"जाळं महाग असतं, काका."

"माझ्यापेक्षा?"

मी उत्तर गिळलं. काका मात्र आता स्थिरावले होते आणि चौकशीला लागले.

"पकडता, आकडा घालता आणि सोडता? मग पकडता कशाला?"

मी सांगितलं, तोच पक्षी पुन्हा कुठे सापडला तर कुठून कुठे गेला, किती जगला ते कळतं.

"परत सापडतात किती?"

"छोटे पक्षी फार कमी."

"म्हणजे बहुतेक आकडे पाण्यात."

मी चिडून अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचा दाखला काढला. विस्डम नावाची मादी, १९५६ साली वाळं घातलेली, आणि तिने २०२४ मध्येही अंडं घातलं. काकांनी मान डोलावली, जाळं आणखी ताणलं आणि विचारलं, "तुझी नोकरी कायम आहे का?"

"नाही. तीन महिन्यांची."

"बघ."

फक्त "बघ". त्या दोन अक्षरांवर मी दोन दिवस जळते आहे. कारण ते खरं आहे. त्या वटवट्याच्या पायातलं वाळं एका ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही नाही, पण तो आकडा जगात दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. वीस वर्षांनीही कुणी नोंदवही उघडली तर तो सापडेल, त्याच्या पंखाच्या लांबीसकट. ती लांबी मोजणारी सापडणार नाही. अहवालात मी "हंगामी साहाय्यक व इतर" यातली आहे, आणि माझा संशय आहे की इतरांतलीच. माझ्या ओळखपत्राची मुदत जाळी गुंडाळायच्या आठ दिवस आधी संपते. ते आठ दिवस मी कोण, हे विचारलं तर "बघू" म्हणतात. बघ आणि बघू, यातच हंगाम चाललाय.

काका सुटले. आभार वगैरे नाहीत. वाटेत भेटलेल्या दोघांना त्यांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं: "तिकडे जाऊ नका, एक मुलगी माणसं पकडते." मग वळणावर थांबून त्यांनी आपला स्वेटर काढून घेतला. तो त्यांनी येताना, उकडायला लागलं म्हणून, एका खांबावर टांगला होता. स्वेटराखालून माझा फलक निघाला: पुढे जाळी लावली आहेत, कृपया पायवाट सोडू नये.

वरिष्ठांनी मला लोकांशी सौजन्याने बोलायला सांगितलं आणि जाळ्याला पडलेलं भोक मीच शिवायचं ठरलं. रात्री बॅटरीच्या उजेडात शिवलं. फाटल्याची नोंद वेगळ्या तक्त्यात होते. कारणाच्या रकान्यात छापील पर्याय चार: फांदी, वारा, वटवाघूळ, अन्य.

मी वटवाघळावर खूण केली.