‘ड्रायव्हरचा काय संबंध?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सांखळीहून एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नेटवर्क नेमस्पेस (एकाच लिनक्स यंत्रातले नेटवर्कचे वेगळे राखलेले कप्पे) हे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, गाभ्याचं काम, कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचा त्यात काय संबंध? ‘आरडीएमए कार्ड (एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेणारं) असेल तर कंटेनर, म्हणजे आपल्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम, वेगळा केल्यावरही निर्धास्त राहू नका’ असं लेखात लिहून मी नवख्यांना उगाच घाबरवतो. आणि गोव्यात असली कार्डं आहेत तरी कोणाकडे?

पहिल्या मुद्द्यातलं अर्धं मला मान्य आहे. साधं इथरनेट कार्ड एका नेमस्पेसमधून दुसऱ्यात न्यायला ड्रायव्हरला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. कोणता इंटरफेस कुठल्या नेमस्पेसचा, ही नोंद कर्नलच ठेवतो. नेमस्पेस संपला की खरं कार्ड मूळ नेमस्पेसमध्ये परत येतं. हे काम ‘सगळ्या ड्रायव्हरना’ करावं लागतं असं मी लेखात लिहिलं होतं, ते चुकलं. दुरुस्त केलं आहे.

पण आरडीएमए कार्डाला दोन दारं असतात. एक नेहमीचा इंटरफेस. दुसरं आरडीएमए उपकरण: प्रोग्राम आपली मेमरी त्याच्याकडे एकदा नोंदवतो आणि पुढचा डेटा कर्नलला न विचारता थेट जातो-येतो. वेग येतो तो याच दारातून. म्हणून रॉकीच्या (इथरनेटवरून आरडीएमए नेण्याच्या पद्धतीच्या) दुसऱ्या आवृत्तीची पाकिटं यूडीपीच्या ४७९१ पोर्टवर धो-धो वाहत असताना, कर्नलच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमधला त्या पोर्टचा आकडा शून्यावरच बसलेला दिसतो. तुम्ही कंटेनरमध्ये सरकवता ते पहिलं दार. दुसरं, कर्नलच्या मूळच्या ‘शेअर्ड’ पद्धतीत, सगळ्याच नेमस्पेसना उघडं असतं. कंटेनरला त्या उपकरणाची डिव्हाइस फाइल (ते उघडायची वाट) दिली की झालं. आपल्या खाजन शेतांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) बांध भक्कम असतो, मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीचं, दार लावलेलं असतं, आणि खारं पाणी येतं ते खेकड्याच्या बिळातून. मला भीती आहे ती या बिळाची.

ते बुजवायची ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धत २०१९ मध्ये कर्नलमध्ये आली. तिच्यात उपकरण एकाच नेमस्पेसचं असतं, दुसरीकडून उघडायला गेलं तर नकार मिळतो. ड्रायव्हरचा संबंध येतो तो इथे. उपकरण हलवताना, जुन्या नेमस्पेसमधल्या ज्या प्रोग्रामांनी ते आधीच उघडलंय त्यांना तोडावं लागतं. कार्डाची पानं (त्याच्या मेमरीचे भाग) थेट त्यांच्या मेमरीत जोडलेली असतात. ती सोडवायची सोय ड्रायव्हरने स्वतः करून ठेवायला हवी. ज्या ड्रायव्हरमध्ये ती नाही, त्याचं उपकरण हलवायला कर्नल सरळ नकार देतो. गाभा कितीही चांगला असला तरी हे काम ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच करावं लागतं, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

आता गोव्याचं. पर्वरीच्या एका ऑफिसात दोन सर्व्हर, त्यांत अशी दोन कार्डं आणि मध्ये थेट एक केबल, एवढ्यावर मी हे सगळं पाहिलंय. तिथे पद्धत बदलायला गेलो तर ‘उपकरण व्यस्त’ अशी चूक येत राहिली. ड्रायव्हर बिघडलाय असं धरून माझी अख्खी दुपार गेली. कारण साधं होतं: पद्धत बदलायची ती दुसरा कुठलाही नेमस्पेस तयार होण्याआधी, आणि आमचे कंटेनर तर सर्व्हर चालू झाल्यापासून धावत होते. शेवटी बूट होतानाच आयबी-कोअर या कर्नलच्या आरडीएमए मॉड्यूलला ती पद्धत सांगितली, तेव्हा जमलं.

याची किंमत आहे, हेही खरं. एक उपकरण एकाच नेमस्पेसला, म्हणजे चार कंटेनरना आरडीएमए हवं असेल तर एसआर-आयओव्हीने (कार्डातल्याच विभागणीच्या सोयीने) कार्डाचे चार आभासी भाग पाडून प्रत्येकाला एकेक द्यावा लागतो. सर्व्हर तुमच्या एकट्याचा असेल आणि आतले सगळे कंटेनर भरवशाचे असतील, तर शेअर्ड ठेवा, माझी हरकत नाही. ‘निर्धास्त राहू नका’ हे मात्र मी मागे घेत नाही. दोन वेगळ्या ग्राहकांचं काम एकाच कार्डावर चालतं तिथे ते लागूच आहे.

तुमच्याकडे कोणतं कार्ड आणि कोणता ड्रायव्हर आहे, ते कळवा. उपकरण हलवताना नकार आला, तर तो संदेश जसाच्या तसा इथे टाका. एकत्र बसून पाहू.