एकोणीस हजार रुपये किलो

मच्छीमार्केटात पापलेटाचा भाव ऐकून "मावशी, सोन्याचो मुलामो दिलंस काय गो?" असं विचारणारे तुम्ही. वाट्यामागे वीस रुपये सुटावेत म्हणून तीनदा पाठ फिरवून निघून जाण्याचं नाटक करणारेही तुम्हीच. ही विद्या बाजारात ठीक आहे. गाण्यांच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरताना ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा. तिथे किंमत ऐकल्यावर दोन क्षण डोळे मिटायचे आणि गंभीरपणे विचारायचं, "प्रेसिंग कुठलं?" जुनी कुत्राछाप, म्हणजे एचएमव्हीची, रेकॉर्ड असेल तर ती बहुतेक कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली असते, पण तरीही विचारायचं. उत्तर आलं की "अच्छा, दमदम" म्हणून पाकिटाला हात घालायचा.

हिशोब एकदाच मांडतो, मग पुन्हा काढायचा नाही. परदेशातून आलेली कोरी एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी रेकॉर्ड, हल्ली २,५०० ते ४,००० रुपयांना पडते. आपण ३,५०० धरू. कव्हरवर एक चिकटपट्टी असते, '१८० ग्रॅम'. साधी रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची, ही जाडजूड, म्हणून मानाची. म्हणजे किलोला १९,४४४ रुपये झाले. आता पापलेटवाल्या मावशीची माफी मागा.

आणि हाच माल आपण स्वतः कुठल्या भावाने घातला होता ते मात्र आठवू नका. मी आठवलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. नव्वदच्या सुमाराला घरोघर टेपरेकॉर्डर आले, एलपी निघायच्या बंद झाल्या, आणि माळ्यावरची ट्रंक 'जागा अडवते' असा साक्षात्कार आमच्याकडे सगळ्यांना एकाच दिवाळीत झाला. भंगारवाला दारात होताच. आतमध्ये नाट्यगीतं होती, भजनं होती, सत्यनारायणाच्या पूजेला कर्ण्यावर वाजून झिजलेली सिनेमाची गाणी होती. त्याने ट्रंक काट्याला लावली आणि बदल्यात एक निळी प्लास्टिकची बादली दिली. आईने झाकण मागितलं, ते त्याने दिलं नाही. ती बादली अजून आहे. न्हाणीघरात असते, कडी तुटली म्हणून सुतळी बांधली आहे. आजच्या दराने हिशोब केला तर जमीन सोडून आमच्या घरातली ती सगळ्यात महाग वस्तू आहे. मी तिच्यातून जपून पाणी घेतो.

तर, दुकान. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गल्लीत पूर्वी भाताची गिरण होती, तिथे आता हे दुकान आहे. मालक पुण्याची नोकरी सोडून परत आलेला तरुण. त्याला पाहून लोक आधी हळहळले, मग कॉफी प्यायला जायला लागले. तुम्हीही जा. पण गेल्यागेल्या "लताची आहेत का?" असं विचारू नका, ते फार सोपं होतं. भिंतीशी लावलेल्या खोक्यांसमोर उभं राहायचं आणि दोन बोटांनी एकेक कव्हर पुढे पाडत जायचं, तलाठी सातबारा चाळतो तसं. मध्येच एखादी रेकॉर्ड बाहेर काढायची. लेबलाच्या कडेला, जिथे खाचा संपतात, त्या गुळगुळीत पट्ट्यावर बारीक आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ती वाचायची आणि सावकाश मान हलवायची. काय कळलं असं कोणी विचारत नाही. शेजारचा माणूसही तेच करत असतो आणि त्यालाही तुमच्या प्रश्नाचीच भीती असते.

जुन्या मालाला प्रत लावलेली असते, तेवढी मात्र शिकून घ्या. सगळ्यात वर 'मिंट', मग 'निअर मिंट', मग 'व्हेरी गुड प्लस', मग 'व्हेरी गुड', आणि त्याच्याही खाली 'गुड'. 'गुड' वाचून हुरळू नका. 'गुड' म्हणजे गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मागे कोणीतरी कांदाभजी तळत असणार. आपण आंब्याच्या पेट्या भरणारी माणसं, आपल्याला ही भाषा अवघड जायला नको. डागी हापूसला आपण 'कॅनिंगचा' म्हणतो, डागी रेकॉर्डला ते 'गुड' म्हणतात. कॅनिंगचा आंबा मात्र आपण किलोवर, पडेल त्या भावाने, खाली मान घालून देतो. 'गुड' रेकॉर्ड आठशेला देताना तिकडे कोणाचीही मान खाली जात नाही. बागायतदारांनी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आवाजाबद्दल बोलायची वेळ येईलच. तेव्हा 'उबदार' हा शब्द वापरायचा. मेमध्ये, कौलांखाली, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना "काय उबदार आवाज आहे!" म्हणायला धैर्य लागतं, पण म्हणायचं. डिजिटलला नावं ठेवायची. फक्त त्या नव्या १८० ग्रॅमच्या रेकॉर्डींच्या खाचा कशावरून कापतात ही चौकशी करायची नाही, कारण त्यांतल्या पुष्कळशा डिजिटल फायलींवरूनच कापलेल्या असतात. म्हणजे तुमच्या मोबाइलमध्ये जे फुकट वाजतं तेच प्लास्टिकवर उतरवून, जहाजात घालून, ३,५०० रुपयांना तुमच्या तालुक्याला आणलेलं असतं. त्यात ऊब नसेल तर कशात असणार?

आता सगळ्यात महत्त्वाची कला. दुकानात बसून रेकॉर्ड पूर्ण ऐकावी. मालक लावून देतो, भला माणूस आहे. कव्हरचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. मग त्याच्याच वायफायवर बघावं, हीच रेकॉर्ड ऑनलाइन चारशेने स्वस्त आहे का. असली तर तिथल्या तिथे मागवावी आणि पत्त्यात खूण म्हणून दुकानाचंच नाव टाकावं, म्हणजे कुरिअरवाल्याला घर सापडतं. मालकाला वाईट वाटू नये म्हणून एक कॉफी घ्यावी, दोघांत एक. तसाही तो रेकॉर्डींवर जगत नाही. दोन-चार प्रती मागवायच्या, वाहतूक आणि कर भरायचे, आणि मग त्यांतली एक विकली जाईपर्यंत तीन पावसाळे पुसत बसायचं, या धंद्यात श्रीमंत झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याचं दुकान कॉफीवर चालतं, रेकॉर्डी त्या कॉफीच्या बशा आहेत. पण ही जाणीव मनात फार वेळ राहू देऊ नका, नाहीतर चुकून पूर्ण किमतीला काहीतरी विकत घ्याल.

आणि उद्या दुकान बंद पडलं की रडायचं मात्र मनापासून. याचा कित्ता मुंबईकरांनी घालून दिलेला आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हा आमचे सगळे चाकरमानी हळवे झाले होते. शेवटची कॅसेट त्यांनी तिथून कधी घेतली होती ते विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

घरी किंमत किती सांगायची? तिसरा हिस्सा. पुढे.

रेकॉर्ड घरी आली की तिची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. ज्यांनी हा छंद काढला त्यांच्या देशात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडत नसावा. आपल्याकडे आषाढात पापडाला बुरशी येते, पट्ट्याला येते, देवघरातल्या तसबिरींना आतून येते. रेकॉर्डचं कव्हर तर नुसता पुठ्ठा. त्यावर आधी पांढरे ठिपके, मग हिरवळ, आणि श्रावणात त्यावर वाळवीचं स्नेहसंमेलन भरतं. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या तर वाकतात असं जाणकार सांगतात. ते बरोबर आहे. पण उभ्या ठेवल्या तर खालून ओल चढते आणि वर ठेवल्या तर कौलांची गळती. मी सध्या त्या तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवतो. तांदळाला टोके झाले, रेकॉर्डी ठीक आहेत. घरात मी सोडून सगळ्यांचं मत पडलं की उलट झालं असतं तर बरं.

वीज जाण्याचं म्हणाल तर तो अनुभव आयुष्यात एकदा तरी घ्या. बाहेर धो धो कोसळतंय, आत मिनिटाला ३३ आणि एक-तृतीयांश फेऱ्यांनी गायिका अंतऱ्यावर चढते आहे, आणि खांबावर काहीतरी फट्‌ होतं. थाळी गपकन थांबत नाही, जडपणे मंदावत जाते. गायिकेचा आवाज एकेक सूर खाली उतरतो, ती आधी तिची आई होते, मग मामा, आणि शेवटी घोरणारा आजोबा होऊन गप्प होते. हा प्रयोग मोबाइलवर होत नाही. किमतीतले निदान दोनशे रुपये यातच वसूल.

त्यावर तुम्हाला कोणीतरी चावीच्या ग्रामोफोनचा सल्ला देईल. ऐका त्याचं, त्याला वीज लागत नाही. फक्त त्यावर चालणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या घ्याव्या लागतील. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं, की उठा, उलटा, पोलादी सुई बदला, चावी भरा, बसा. रात्रभर गाणाऱ्या बुवांना तेव्हा तेवढ्यात ख्याल उरकावा लागत असे. १९०२ साली कलकत्त्याला ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गायिका गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही सांगायच्या, त्याच तीन मिनिटांत. आमच्या आजोबांना एका संध्याकाळच्या गाण्यासाठी वीसदा उठावं लागे. त्यांना साखर का नव्हती याचं उत्तर मला यात सापडलं आहे.

या तबकड्या पुसण्याबाबत मात्र क्षणभर गंभीर होतो, कारण मी यात होरपळलो आहे. आजच्या एलपीसाठी जी द्रावणं विकतात त्यांतल्या पुष्कळांत अल्कोहोल असतं. एलपी विनाइल नावाच्या प्लास्टिकची, तिचं त्याने सहसा बिघडत नाही. ७८ फेऱ्यांची तबकडी विनाइलची नाही, लाखेची. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर जी लाख चढवतात, तिचीच बहीण. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार तिचं पॉलिश तसंच तर करतो. मी भिडेखातर मिळालेली एक तबकडी मोठ्या प्रेमाने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला तेव्हा मला वाटलं, केवढी घाण होती! आणखी जोरात पुसली. ती घाण नव्हती, गाणं होतं. बोळा जपून ठेवला आहे, त्याला कोणती प्रत लावायची ते दुकानदाराला विचारायचं आहे.

पैसे वाचवायचे तर चोरबाजारात जावं, मटण स्ट्रीटला, असंही सांगतात. जा. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून जाण्याचं भाडं, दोन वेळचं खाणं आणि येताना मांडीवर पंचवीस रेकॉर्डींचं ओझं घेऊन बसण्याचे हाल धरले तर तीनशेची रेकॉर्ड बरोबर दुकानातल्या भावाला येऊन टेकते. गावातल्या गावात शोधावं म्हणाल तर आमच्याकडे दर जत्रेला 'भव्य रेकॉर्ड डान्स स्पर्धा' असते. तिथे डान्स असतो, चषक असतो, आमदार असतात. रेकॉर्ड नसते, पेनड्राइव्ह असतो.

शेवटचा मार्ग नातेवाइकांचा. गणपतीत घरोघर आरतीला जाताना हळूच माळ्याकडे नजर टाकायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. मी यंदा आमच्या थोरल्या काकीला विचारलं. काकांकडे एकेकाळी लाउडस्पीकरचा धंदा होता, लग्नामुंजींना कर्णा बांधायचे.

"कसल्यो रेकॉर्डी? त्यो कधीच भंगारात गेल्यो," काकी म्हणाली. मग थोडं थांबून, "एक रवली आसा. तुका कित्याक होयी?"

मी आवाजात शक्य तेवढा आळस आणून म्हटलं, अशीच, जुनी आठवण म्हणून.

"आठवण म्हणान?" काकीने चष्म्यावरून पाहिलं. "माझो नातू सांगी होतो, जुन्यो रेकॉर्डी तीन-तीन हजाराक जातत म्हणान."

मी आठशेवरून सुरुवात केली. मच्छीमार्केटातली सगळी विद्या वापरली, एकदा पायऱ्या उतरून निघूनही गेलो. काकीने हाक मारली नाही. परत येऊन दीड हजाराला सौदा ठरला, न बघता, पैसे आधी.

काकी चुलीमागून एक काळा वाडगा घेऊन आली. कडा लाटांसारख्या वळलेल्या. गरम पाण्यात बुडवून टोपाखाली दाबून केलेला. कुठल्याशा मासिकात कृती आली होती, त्या काळी घरोघर करत होते. "माझ्या हातचो आसा, फुटाक नाय कधी," ती कौतुकाने म्हणाली, आणि त्यातली आमसुलं ताटात ओतून घेतली. तळाच्या भोकाभोवती लेबल शाबूत होतं. कोकमाच्या रसाने लालभडक झालेला कुत्रा अजून भोंग्यात कान देऊन बसला होता.