‘जमवणे’ या शब्दाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरातल्या कुंड्यांवरच्या माझ्या लेखावर आलेली आपली प्रतिक्रिया मी रागाच्या भरात चुकीची वाचली असेल, म्हणून ती पुन्हा वाचली. चुकीची वाचली नव्हती.

सान्सेविएरियाची (उभ्या, लांब पानांच्या स्नेक प्लांटची) गणना आता ड्रासीना या वनस्पतींच्या गटात होते, ही आपली दुरुस्ती मान्य आहे आणि लेखात तसा बदल केला आहे. कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी खडीच्या वर मातीतच अडून राहते, असेही आपण म्हणता. असेलही, मी वर्षानुवर्षे खडी घालत आलो आहे, तेव्हा त्यावर वाद नको.

मात्र ‘तुम्हाला झाडे वाढवायची नाहीत, जमवायची आहेत’ हे वाक्य, तेही माझ्या 40 कुंड्यांचा आकडा तेवढा पाहून लिहिलेले, मला सोडून देता येत नाही. पिवळ्या काठाच्या सान्सेविएरियाचे एक पान मोडले, तेव्हा त्याचे तुकडे करून मी मातीत खोचले होते. काही महिन्यांनी फुटलेले सगळे कोंब निव्वळ हिरवे निघाले, कारण तो काठ पानाच्या तुकड्यातून पुढे उतरत नाही. तो हवा असेल तर मातीखालच्या खोडाचीच वाटणी करावी लागते. जमवणाऱ्याने ती साधी रोपे केव्हाच काढून टाकली असती. माझ्या खिडकीत ती आजही आहेत, सातही.

होया वेलीवर पिठ्या ढेकूण ही कीड पडली, तेव्हा दर रविवारी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून पानांची एकेक बेचकी पुसत मी दीड महिना काढला. याला आपल्याकडे काय म्हणतात, ते कळवावे. आपल्या घरी किती कुंड्या आहेत, हे आपण लिहिलेले नाही, आणि मीही विचारत नाही.

‘आधी अभ्यास करा’ हा उपदेशही झाला. अभ्यास मी मेलेल्या झाडांवरच केला आहे. माझी पहिली पीस लिली माना टाकू लागली, तेव्हा ती तहानलेली आहे असे समजून मी आणखी पाणी घातले. शेवटी कुंडी उलटी केली, तर मुळे तपकिरी झालेली, चिमटीत धरताच वरची साल गळून आतला दोरा तेवढा बोटांत राहणारी. हवाच न मिळाल्याने ती कुजली होती. त्या कुंडीच्या तळाशी खडी होती, हे खरे. पण पाणी मी जास्त घातले होते.