पान सतरा

‘‘काका, ते ‘ती थरथरली’वालं तुमचंच का?’’

झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने हे मशीनच्या आवाजात विचारलं, म्हणजे ओरडूनच विचारलं. दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले. हयातीचा दाखला द्यायचा मोसम, त्यामुळे दुकानात माझ्याशिवाय पाच पेन्शनर. पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मागच्याला असावा अशा आविर्भावात मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर लॅमिनेशनचे दर.

‘‘माझं म्हणजे, मी लिहिलेलं नाही,’’ मी म्हणालो. हे वाक्य किती कुचकामी असतं ते पोलीस चौकीत गेलेल्यांना विचारावं.

झालं असं, की सहा वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात ‘मराठीतला शृंगार’ या विषयावरचे वक्ते ऐनवेळी आले नाहीत आणि मला उभं केलं गेलं. तेव्हापासून कोथरूड परिसरातले होतकरू शृंगारकथालेखक मला गुपचूप फायली पाठवतात. फुकट. आताची कथा ‘शर्वरी’ यांची. खरं नाव सांगत नाही, पण शर्वरींना मिशा आहेत आणि ते हिंजवडीला नोकरीला जातात. चौतीस पानं. मला शेरे कागदावरच लिहिता येतात. घरचा प्रिंटर मुलाच्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडलेला, तिथून हे छापणं म्हणजे त्याच्या नोकरीशी खेळ. म्हणून फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. फाइलीचं नाव ‘वाड्यातली रात्र फायनल फायनल २’.

‘‘बॅक टू बॅक करू?’’

‘‘नको, एकाच बाजूला.’’

पाच रुपये पान. चौतीस पाचे एकशे सत्तर. हा आकडा लक्षात ठेवा, मी ठेवला आहे.

नवव्या पानाला मशीन अडलं. पोराने झाकण उघडलं, चुरगळलेलं पान ओढून काढलं आणि सवयीने काउंटरवर हाताने सपाट केलं. काउंटरवर एका आजींचे कागद पसरलेले होते. आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक, बँकेचा फॉर्म. माझी पानं त्यांच्या शेजारी उताणी पडत गेली. आजींनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाचायला घेतलं. चोरून नाही हो. पेपर वाचतात तसं, पान जरा लांब धरून.

मी म्हटलं, ‘‘आजी, ते माझं आहे.’’

‘‘आजी कोणाला म्हणताय? तुमचं वय काय?’’

‘‘त्रेपन्न.’’

‘‘मग मावशी म्हणा. आणि थांबा जरा, तिसरा परिच्छेद चाललाय.’’

मी थांबलो. एखादा मर्द माणूस पान हिसकावून घेता. पण मी मध्यमवर्गीय आहे. वयस्कर बाईच्या हातून कागद ओढून घ्यायचा नाही हे आमच्यावर मुंजीच्याही आधी ठसवलेलं असतं. शेजारचे गृहस्थ छताकडे बघत होते, कान मात्र इकडे.

‘‘ही नऊवारी नेसलीय ना?’’ मावशींनी विचारलं.

‘‘हो. मंगळागौर आहे. नवी सून.’’

‘‘मग हिच्या परकराची नाडी कुठून आली?’’

मी गप्प.

‘‘नऊवारीच्या आत परकर नसतो. कासोटा घातल्यावर परकर जाणार कुठे? आणि इथे हा बाप्या पानभर नाडीशी झटापट करतोय. जी वस्तू नाहीच तिची गाठ सुटेल कशी?’’

आता इथे मला एक कबुली द्यायला हवी, कारण अपमानाचं मूळ त्यात आहे. आदल्याच रात्री मी ही कथा मोबाइलवर वरवर चाळून शर्वरींना आवाजी निरोप पाठवला होता : ‘‘वातावरणनिर्मिती उत्तम. वाड्याचा तपशील अस्सल.’’ त्या निरोपाला त्यांनी हात जोडलेले तीन इमोजी उत्तर म्हणून पाठवले होते. परकर मलाही दिसला नव्हता. म्हणजे दिसला होता, खटकला नव्हता. आमच्या घरात शेवटची नऊवारी नेसली ती माझ्या आजीने, आणि आजीच्या कासोट्याचा अभ्यास कोण करतो?

‘‘आणि मंगळागौरीच्या रात्री?’’ मावशी आता पोराकडे वळल्या, जणू कथा त्यानेच लिहिली. ‘‘खाली चाळीस बायका रात्रभर जागतायत. झिम्मा, फुगड्या, पिंगा. त्या रात्री घरातल्या पुरुषाला पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची सोय नसते. हा नवऱ्या मुलीला घेऊन माडीवर पोचला कसा? उत्सवमूर्ती गायब झाली आणि चाळीस बायकांत एकीलाही कळलं नाही? चाळीस बायकांत?’’

पोरगा म्हणाला, ‘‘नाही पटत, मावशी.’’

‘‘बरं, नवराच आहे ना तिचा? मग एवढी घाई कसली याला? मंगळागौर मंगळवारी. दुसऱ्या दिवशी बुधवार नव्हता का?’’

छताकडे बघणारे गृहस्थ हसले आणि हसणं खोकल्यात घातलं.

मी म्हटलं, ‘‘मावशी, कथेत थोडी कल्पनाशक्ती...’’

‘‘कल्पना करा की. पण हात मोजून करा.’’ त्यांनी नवीन बाहेर पडलेलं गरम पान उचललं. ‘‘हे बघा. डावा हात तिच्या केसांत. उजव्या हातात कंदील. आणि खाली लिहिलंय, ‘त्याने दोन्ही हातांनी तिचा चेहरा ओंजळीत घेतला.’ कंदील कुठे ठेवला? खाली ठेवल्याचं लिहिलेलं नाही. तू इकडे ये रे.’’ पोरगा काउंटर ओलांडून आला. मावशींनी स्वतःची कापडी पिशवी त्याच्या उजव्या हातात दिली. ‘‘हा कंदील. डावा हात वर धर. हां. आता घे ओंजळीत.’’

पोराने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पिशवी छातीवर आपटली. पिशवीत मेथी होती.

‘‘भाजली असती पोरगी,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘बत्तीस वर्षं पालिकेच्या प्रसूतिगृहात काढलीत मी. नर्स होते. भाजलेल्या बायका बघितल्यात, कंदिलाने, स्टोव्हने. अंगाची गंमत करायची तर अंग ठाऊक पाहिजे.’’ मग बोटं पुढे करून दाखवली. टोकं गुळगुळीत, चिंचोक्यासारखी. ‘‘जंतुनाशकात हात धुऊन धुऊन ठसे गेले. त्या अंगठ्याच्या मशीनवर मी जिवंत असल्याचं उमटतच नाही. म्हणून दर वर्षी कागद.’’

इथे मला थोडं विषयांतर करू द्या, नाहीतर सगळं श्रेय मावशीच घेऊन जातील आणि सहा वर्षं मी काय गवत उपटलं असं होईल.

मराठीत या विषयाच्या शब्दांची तीनच दुकानं आहेत. एक संस्कृतचं, तिथे उरोज, नितंब आणि अधर मिळतात. ‘अगं, तुझ्या अधराला चटणी लागलीय’ असं एकाही मराठी नवऱ्याने म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. दुसरं दुकान दवाखान्याचं. तिसरं शिव्यांचं. नवा लेखक भीत भीत पहिल्या दुकानात शिरतो, मधेच जोर चढला की तिसऱ्यात, आणि एकाच वाक्यात ‘कटी’ आणि पुढचा तो शब्द असे दोघे पाठीला पाठ लावून बसतात. घरातला शब्द कुणाकडेच नाही. होता. होनाजी बाळा, सगनभाऊ, राम जोशी यांच्या लावण्यांत रोजच्या बोलण्यातली मराठी याच कामाला लागली होती. पुढे आपण शिकलो, आणि लाज इंग्रजी शाळेतून घरी आणली.

आणि वीज! गेल्या वर्षभरात मी अशा अकरा कथा वाचल्या, त्यांतल्या नऊ कथांत नायिकेच्या अंगातून वीज सळसळते. त्याच नऊंत घरातली वीज गेलेली असते. बाहेर पाऊस. या लेखकांना महावितरणाने एक बिल तरी पाठवावं.

शर्वरींना मी मागेच एक गाथा सांगितली होती. गाथासप्तशती, हालाच्या नावावरची, महाराष्ट्री प्राकृतातली, सातशेच्या आसपास गाथा. त्यात पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. नजर वर, पाणी घालणारीवर. तो बोटं जराशी फाकवतो, म्हणजे पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं. तीही मग धार बारीक करत नेते. संपली गाथा. दोन ओळी, कुणी कुणाला स्पर्श केलेला नाही, आणि माझ्या मते यापुढे जाणारं दृश्य मराठी मुलखात अजून कुणी लिहिलेलं नाही. शर्वरींनी ऐकून घेतलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘बरं, मग पुढे होतं काय?’’

पुढे काही होत नाही, अरे माणसा.

मला राग याचाच येतो. ‘परखड परीक्षण करा’ म्हणून पाठवतात, त्यांना हवी असते पाठीवर थाप. परखड लिहिलं की उत्तर ठरलेलं : तुम्ही सोवळे आहात. मी सोवळा? सोवळा असतो तर पेन्शनरांच्या गर्दीत मेथीच्या जुडीने कंदिलाची तालीम बघत उभा राहिलो असतो? काहींना वाटतं अश्लील लिहिलं म्हणजे बंड केलं. बंडाची किंमत दुसऱ्यांनी मोजून झालीय. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे होते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९६९ साली निर्दोष ठरली. त्या लेखकाला निदान न्यायमूर्ती वाचक मिळाले. शर्वरींना मी मिळालो, आणि तेही मोबाइलवर, झोपेच्या गोळीनंतर.

असो. दुकानात.

मावशींनी वाचलेली पानं एकावर एक रचली होती. त्यांच्या आधारच्या प्रतीही तिथेच येऊन पडत होत्या. एका पानावर त्या थांबल्या. मला वाटलं, आता नवीन काहीतरी काढणार.

‘‘हा म्हणतोय तिच्या अंगाला मोगऱ्याचा वास येत होता.’’

‘‘हो.’’ या वाक्याखाली मी मनातल्या मनात ‘छान’ लिहिलेलं होतं.

‘‘मोगरा उन्हाळ्याचा. श्रावणात जाई, जुई. पण ते जाऊ दे.’’ चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला. ‘‘रात्रभर फुगड्या घातलेल्या बाईच्या अंगाला फुलाचा वास नाही येत रे. घामाचा येतो. गजरा तर कधीच चुरगळलेला असतो. घाम, त्यात ते चुरगळलेलं फूल, तेल, समईच्या वातीची काजळी. आणि माणसाला तोच आवडावा लागतो. आवडतो.’’

मशीनही त्याच वेळी थांबलं. ‘अहो’वरून ‘अरे’वर त्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं.

‘‘झाल्या का रे माझ्या प्रती?’’ त्या पोराला म्हणाल्या, ‘‘बँक साडेतीनला माणसं घ्यायची थांबते.’’

घरी येऊन मी लाल पेन घेतलं आणि शेरे लिहिले. नऊवारीत परकर नसतो. हात मोजा, कंदील कुठे ठेवला ते सांगा. चाळीस बायकांचं काय? मोगऱ्याऐवजी घाम. हे सगळं मी माझं म्हणून लिहिलं. मावशींचं नाव मला माहीत नाही हे एक कारण. दुसरं कारण माझ्या मानी स्वभावात शोधावं.

शेरे लिहिता लिहिता सोळानंतर एकदम अठरा आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. पोरगा जरा वेळ विचारात पडला, मग त्याचा चेहरा उजळला.

‘‘काका, ते मावशींच्या कागदांत गेलं असणार. पण त्या तर तेव्हाच बँकेत देऊन आल्या. मीच स्टेपल मारून दिलं ना.’’

‘‘त्यांनी बघितलं नाही?’’

‘‘बघितलं असेल. सेल्फ अटेस्टेड पाहिजे म्हणून मी प्रत्येक पानावर खाली सही करून घेतली.’’

सतरावं पान म्हणजे कंदिलाचं नव्हे. त्याच्या पुढचं.

शर्वरींना मी बाकीच्या तेहतीस पानांचे फोटो पाठवले आणि खाली प्रिंटच्या खर्चाचा आकडा, सहज म्हणून. रात्री उत्तर आलं : ‘‘सर, खूप बारकाईने वाचलंत. काही मुद्दे पटले नाहीत, वाचक काही कासोटा मोजत बसत नाही. पण सतराव्या पानावर तुमचा एकही शेरा नाही, म्हणजे ते पान जमलंय ना?’’

मी ‘हो’ लिहिलं. त्यावर हात जोडलेले तीन आले. एकशे सत्तर रुपयांबद्दल काही नव्हतं.