आधी भाडेकरार, मग रंगीत भिंती

बंद गिरणीत ‘क्रिएटिव्ह पार्क’, म्हणजे कलाकार-कारागिरांच्या स्टुडिओंची वसाहत, करायचं म्हटलं की सादरीकरणात रंगवलेल्या भिंती आणि कॅफे असतात. भाडेकराराबद्दल चकार शब्द नसतो. पण पार्क जगतो की मरतो ते तिथेच ठरतं.

शांघायमध्ये मोगानशान रोडवरच्या सूतगिरणीत २००० च्या सुमारास चित्रकार आले, आज ते ‘एम५०’. अशा जुन्या कारखान्यांसाठी त्या शहराने धोरण ठेवलं: मालकी, इमारतीचा सांगाडा आणि जमिनीचा नोंदलेला वापर, तिन्ही बदलायचे नाहीत. म्हणून शेड टिकल्या. आपल्याकडे मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन मालक, महापालिका आणि म्हाडा यांच्यात एक-एक तृतीयांश वाटायची होती. ती वाटणी २००१ मध्ये फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. शेड पाडून सुटलेली जमीन त्यातून वगळली गेली. गिरणगाव हातचं गेलं ते या एका दुरुस्तीने, असं माझं ठाम मत आहे.

शेड वाचल्या म्हणजे कलाकार वाचतात असंही नाही. बीजिंगचा ‘७९८’ बघा. पूर्व जर्मनीच्या मदतीने १९५० च्या दशकात उभा राहिलेला कारखाना, करवती छपरातून येणारा उत्तरेचा उजेड, स्टुडिओला याहून चांगली जागा नाही. पण नाव झालं, भाडी चढली, स्वस्तात जागा घेतलेल्यांनी ती पोटभाड्याने दिली. बरेच चित्रकार शहराबाहेर सोंगझुआंगला गेले.

म्हणून ११ महिन्यांचा करार नको. भट्टी किंवा छपाईयंत्राचा खर्च तेवढ्यात निघत नाही. ६० महिने द्या, वार्षिक वाढ आधीच लिहा, पोटभाडं बंद करा. सोडलेला गाळा व्यवस्थापनाकडेच परत यावा, नाहीतर पागडी सुरू होते. निम्म्याहून जास्त क्षेत्र प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवा. देखभाल खर्चाचा दरही करारातच हवा. भाडं गोठवून तो वाढवत नेला की छोटा कारागीर तसाही बाहेर पडतो.

ऑफिससाठी स्लॅब चौरस मीटरला २५०-४०० किलो भार धरून बांधतात, हलक्या कारखान्याला ५०० तरी लागतो. गिरणीची तळमजल्याची शेड म्हणूनच मोलाची. तिथे थ्री-फेज वीज, मालाची लिफ्ट, लाकडाच्या भुशाला आणि लॅकरच्या वाफेला वेगवेगळे एक्झॉस्ट द्या. दोन्ही एकाच डक्टमध्ये सोडले तर एक ठिणगी पुरते.

खाण्यापिण्याच्या जागा १५ टक्क्यांच्या वर नकोत, आणि गच्चीवर तर नकोतच. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल कंपाउंडमध्ये छतावरच्या पबच्या आगीत १४ माणसं गेली. बंबाच्या वाटेत टेबलं दिसली की त्याच दिवशी उचलायचा अधिकार व्यवस्थापकाला करारातच द्या.